विसर्जनाच्या हौदात न विरघळणारं जिप्सम धरणाखाली कसं विरघळतं?

गणपती जवळ आले की पीओपीचा वाद दरवर्षी नव्याने पेटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं, मग कोर्टकचेऱ्या, मग जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवण्या-विकण्याला दिलेली मोकळीक आणि त्यासोबतची अट, की नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन परवानगीशिवाय नाही. या सगळ्या वादात एक वाक्य हमखास येतं: "पीओपी पाण्यात विरघळत नाही."

अधूनमधून परदेशी बातम्यांत दुसरंच वाक्य वाचायला मिळतं. इराकमधलं मोसुल धरण धोक्यात आहे, कारण त्याच्या पायाखालचा जिप्समचा खडक पाण्यात विरघळतो आहे.

आता गंमत अशी की वाळून टणक झालेली पीओपीची मूर्ती आणि मोसुल धरणाखालचा तो खडक, हे रसायनाच्या दृष्टीने एकच आहेत. दोन्ही जिप्सम. मग एक म्हणतो विरघळत नाही, दुसरा म्हणतो धरण खचेल इतकं विरघळतं. खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. फरक दगडात नाही, त्याला भेटणाऱ्या पाण्यात आहे. जिप्समवर काही बांधू पाहणाऱ्या इंजिनिअरची बहुतेक डोकेदुखी या एका मुद्द्यातून निघते.

आधी दगडाची ओळख

उथळ समुद्राचा एखादा फाटा मुख्य समुद्रापासून तुटला, वर कडक ऊन पडलं आणि पाणी आटत गेलं, की त्यातले क्षार क्रमाने तळाशी बसतात. मिठाच्या आधी जिप्सम बसतं. त्यामुळे जगातले जिप्समचे मोठे थर हे जुन्या, आटलेल्या समुद्रांच्या खुणा आहेत आणि ते सहसा माती, चुनखडी, मीठ यांच्या थरांसोबत एकाआड एक सापडतात.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि त्याच्या स्फटिकात बांधलं गेलेलं पाणी. वजनाचा जवळपास २१ टक्के भाग हे पाणी असतं. हात लावला तर दगड कोरडा लागतो, पण शंभर किलोच्या दगडात एकवीस किलो पाणी असतं. पीओपीच्या किंवा जिप्सम बोर्डच्या सीलिंगला आगीपासून बचाव करणारं म्हणून विकतात ते याच कारणाने: आगीची उष्णता आधी हे पाणी बाहेर काढण्यात खर्च होते.

तीन नावं लक्षात ठेवली की पुढचं सोपं जातं. जिप्सम साधारण १२० ते १५० अंश सेल्सियसला भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडतं आणि उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी घातलं की ते पुन्हा जिप्सम होऊन आवळतं. मूर्तीचा साचा भरला जातो तेव्हा हेच घडतं. तिसरं नाव ॲनहायड्राइट, म्हणजे अजिबात पाणी नसलेलं कॅल्शियम सल्फेट. जिप्समचा थर जमिनीत खोल गाडला गेला, वरचा दाब आणि आतली उष्णता वाढली, की पाणी निघून जातं आणि ॲनहायड्राइट होतं. ते जिप्समपेक्षा कठीण आणि जड असतं. त्याची कहाणी पुढे येईल, कारण त्याचा त्रास अगदी उलट्या जातीचा आहे.

ताकदीचा आकडा आणि त्याची मर्यादा

जिप्समवर नखाने ओरखडा उठतो. कठीणपणाच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर त्याचा नंबर २. पण नखाने ओरखडतो म्हणजे भार घेत नाही असं नाही. दगडाचा तुकडा यंत्रात दाबून तो कितीला फुटतो हे मोजतात, एकक मेगापास्कल. बांधकामावर 'एम २५ काँक्रीट' म्हणतात त्यातला २५ हा तोच आकडा. घट्ट, कोरड्या जिप्समच्या खडकाची ताकद साधारणपणे १० ते ३५ मेगापास्कलच्या दरम्यान निघते. म्हणजे चांगल्या काँक्रीटच्या जवळपास. आपला काळा बसाल्ट शंभरच्या पुढे सहज जातो, त्यामुळे त्याच्याशी तुलना नको. पण तीन मजली घर उभं राहायला हा खडक नुसत्या ताकदीवर पुरेसा आहे.

गोची अशी की हा आकडा कोरड्या तुकड्याचा, काही मिनिटांच्या चाचणीतला असतो. तोच तुकडा पाण्यात भिजवून दाबला की ताकद लक्षणीय घटते. आणि भार काही मिनिटांऐवजी वर्षानुवर्षं ठेवला तर जिप्सम न फुटता हळूहळू दबत, सरकत राहतं. याला इंजिनिअर 'क्रीप' म्हणतात. जिप्समच्या खाणींत छत तोलायला खडकाचेच खांब सोडलेले असतात. खाण बंद होते, माणसं निघून जातात, पण खांबांवरचा भार जात नाही. त्यात पाणी साचलं तर ताकद घटणं आणि क्रीप दोन्ही एकत्र काम करतात. चीनमधल्या शानडोंग प्रांतात पिंगयी इथे २५ डिसेंबर २०१५ रोजी जिप्समची खाण कोसळली. आत अडकलेल्यांपैकी चौघांना ३६ दिवसांनी जिवंत बाहेर काढलं, म्हणून जगभर तिची बातमी झाली.

प्रयोगशाळेतही हा दगड चकवतो. मातीत ओलावा किती हे काढायला नमुना १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवतात आणि आधीच्या-नंतरच्या वजनातला फरक मोजतात. मातीत जिप्सम असेल तर त्या तापमानाला स्फटिकातलं बांधलेलं पाणीही सुटू लागतं आणि कोरडी माती ओली असल्याचा अहवाल येतो. म्हणून भारतीय मानकातच सांगितलंय की जिप्सम असलेली माती ६० ते ८० अंशांवर वाळवा. कॉलेजात ही ओळ पाठ होते. का, ते फार कमी वेळा सांगितलं जातं.

विरघळतं म्हणजे किती?

साध्या तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जिप्सम फार तर अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं. त्यानंतर कितीही ठेवा, पाणी आणखी घेत नाही. मीठ एका लिटरमध्ये साडेतीनशे ग्रॅमहून जास्त विरघळतं, त्यापुढे जिप्सम म्हणजे काहीच नाही. पण चुनखडीतलं कॅल्साइट शुद्ध पाण्यात लिटरला एक-दोन शतांश ग्रॅमच जातं; त्यापेक्षा जिप्सम शंभर पटींहून जास्त विरघळतं. इंजिनिअरला नकोसा वाटावा असा हा मधला आकडा आहे. मिठाच्या खडकावर धरण बांधायला सहसा कोणी जात नाही. चुनखडी विरघळून गुहा व्हायला हजारो वर्षं लागतात, तेवढं धरणाचं आयुष्य नसतं. जिप्सम मात्र नेमकं माणसाच्या हिशेबातल्या वेळात विरघळतं: वर्षं, दशकं.

आता मूर्तीचा हिशेब करू. दहा किलो जिप्सम पूर्ण विरघळायला कमीत कमी चार हजार लिटर पाणी हवं, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या चार टाक्या. वीस हजार लिटरचा कृत्रिम हौद घेतला तर त्यातलं सगळं पाणी मिळून पन्नासेक किलो जिप्सम घेऊ शकतं. दहा किलोच्या पाच मूर्ती. सहाव्या मूर्तीला पाण्यात जागाच उरत नाही. ती महिनाभर राहिली काय आणि वर्षभर राहिली काय, तशीच राहणार. त्यावर रंगाचा थर असतो. आणि पाणी स्थिर असतं, त्यामुळे मूर्तीला चिकटलेला पाण्याचा पातळ थर आधीच तृप्त होऊन बसतो आणि बाहेरचं ताजं पाणी आत येऊ देत नाही. चहात साखर घालून ढवळलं नाही तर कप रिकामा झाल्यावरही ती तळाशी सापडते, तसंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत काढली. त्यात मूर्ती नुसती विरघळत नाही, तर जिप्समचं रासायनिक रूपांतर होऊन कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट बनतं. पाण्याची विरघळवण्याची मर्यादा तिथे आड येत नाही, म्हणून ती चालते.

तेव्हा "पीओपी विरघळत नाही" हे हौदापुरतं खरं आहे. आता हेच जिप्सम वाहत्या नदीत ठेवा. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात रिपन नावाचं गाव आहे. तिथे नदीकाठच्या कड्यातून जिप्समचा एक मोठा, मालवाहू व्हॅनएवढा ठोकळा युअर नदीत पडला आणि साधारण दीड वर्षात पूर्ण नाहीसा झाला. नदी दर क्षणी ताजं पाणी आणत होती आणि विरघळलेलं घेऊन जात होती.

एका फटीचं गणित

जिप्समचा अखंड खडक स्वतः पाणी फारसं झिरपू देत नाही. पाणी जातं ते फटींतून. समजा, धरणाखालच्या एका फटीतून सेकंदाला फक्त एक लिटर पाणी जातंय. घरातले चार-पाच नळ एकत्र पूर्ण सोडले तर येतं साधारण तेवढं. आणि समजा हे पाणी बाहेर पडताना लिटरमागे दोन ग्रॅम जिप्सम घेऊन जातं. वर्षात सेकंद होतात ३ कोटी १५ लाख. म्हणजे वर्षाला सुमारे ६३ टन दगड वाहून गेला. जिप्समची घनता लक्षात घेतली तर ही सुमारे २७ घनमीटरची पोकळी झाली: तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच. एका फटीमागे वर्षाला एक खोली.

प्रत्यक्षात ती एका जागी खोलीसारखी होत नाही, फटीच्या लांबीभर पसरते. पण मग फट रुंद होते, जास्त पाणी जातं, पाणी जास्त वेगाने जातं म्हणून वाटेत तृप्त होत नाही, आणि त्यामुळे फटीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत दगड खात जातं. चक्र स्वतःच स्वतःला वेग देतं. अगदी बारीक फटीत उलट होतं: पाणी रेंगाळतं, पहिल्याच काही अंतरात तृप्त होतं आणि पुढचा खडक सुरक्षित राहतो. म्हणून जिप्समवरच्या पायाची तपासणी करताना खडक किती मजबूत यापेक्षा फटी किती रुंद आणि पाण्याचा दाब किती हे प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात. धरण बांधणं म्हणजे नेमका हा दाब वाढवणं. हजारो वर्षं ज्या फटीतून पाणी जेमतेम हलत होतं, तिच्या एका तोंडावर आपण शेकडो फूट पाणी उभं करतो.

अमेरिकेतल्या युटा राज्यात क्वेल क्रीक नावाच्या जलाशयाचा एक बांध १ जानेवारी १९८९ ला, मध्यरात्र उलटल्यावर वाहून गेला. बांधून चार-पाच वर्षंच झाली होती. पायातल्या थरांत जिप्सम होतं आणि बांधाखालून होणाऱ्या गळतीने ते खाल्लं होतं. सुदैवाने माणसं गेली नाहीत.

मोसुल: १९८६ पासून चालू असलेली दुरुस्ती

मोसुल धरण तायग्रिस नदीवर, मोसुल शहराच्या वरच्या अंगाला आहे. मातीचं धरण, उंची ११३ मीटर, साठवण ११.१ अब्ज घनमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे ३९० टीएमसी. कोयनेच्या पावणेचार पट. बांधकाम १९८१ मध्ये सुरू झालं, पाणी १९८५-८६ मध्ये भरू लागलं. पायाखाली जिप्सम, ॲनहायड्राइट, चुनखडी आणि मातकट थर एकावर एक आहेत. काही जागी जिप्समचे थर आधीच विरघळून, कोसळून, तुकड्यांचा खच झालेला आहे.

हे बांधायच्या आधी कोणाला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. आराखड्यातच धरणाच्या पोटातून एक बोगदा ठेवला होता, ज्यातून खाली भोकं पाडून सिमेंटचा पातळ गारा दाबाने भरता येईल. या कामाला ग्राउटिंग म्हणतात आणि ते बहुतेक मोठ्या धरणांत होतं. वेगळेपण एवढंच की बाकी ठिकाणी ते एकदा करून संपतं. मोसुलला पाणी भरायला लागल्यावर गळती दिसली, गळतीच्या पाण्यात विरघळलेलं जिप्सम सापडलं आणि तेव्हापासून, २०१४ मधला खंड सोडला तर, ग्राउटिंग थांबलेलंच नाही.

२००६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर दलाने पायाची आतून झीज होण्याच्या निकषावर हे जगातलं सर्वात धोकादायक धरण असल्याचं म्हटलं. खबरदारी म्हणून पाण्याची पातळी पूर्ण क्षमतेच्या ३३० मीटरऐवजी ३१९ मीटरवर (समुद्रसपाटीपासून) रोखली गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसने धरणाचा ताबा घेतला. दहा-बारा दिवसांत तो परत मिळवला गेला, पण माणसं पांगली, यंत्रं आणि सिमेंटचा पुरवठा विस्कळीत झाला आणि ग्राउटिंग खंडित झालं. ज्या पायाला रोज औषध लागतं त्याचं औषध बंद झालं. २०१६ च्या सुरुवातीला बगदादमधल्या अमेरिकी दूतावासाने इशारा दिला की धरण फुटलं आणि लोक वेळेत हलले नाहीत तर तायग्रिसकाठच्या ५ लाख ते १४.७ लाख माणसांचा जीव जाऊ शकतो. त्याच वर्षी इटलीच्या त्रेवी कंपनीला सुमारे २७ कोटी युरोंचं काम मिळालं. नवी यंत्रं आली, इराकी इंजिनिअर-कामगारांना प्रशिक्षण मिळालं, २०१९ पर्यंत मोठा टप्पा पार पडला. त्यानंतर पाण्याची पातळी पुन्हा वाढवता आली.

बातम्यांचे मथळे "धरण कधीही फुटेल" असे होते. त्यापेक्षा अचूक वर्णन असं करता येईल: हे धरण देखभाल चालू असेपर्यंत उभं राहतं. यात भयंकर काय असेल तर ते हे, की देखभाल चालू राहणं खडकावर अवलंबून नाही. बजेट, युद्ध, सिमेंटचे ट्रक यांवर अवलंबून आहे.

"एकदाच नीट सिमेंट भरून टाकत का नाहीत?"

पहिली शंका हीच येते, आणि योग्य आहे. उत्तर असं की सिमेंट पोकळी भरतं, पण शेजारचं जिप्सम तिथेच असतं. एक वाट बंद झाली की पाण्याचा दाब दुसरी शोधतो, तिच्या भिंती ताज्या जिप्समच्या असतात, आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. शिवाय जिप्समच्या थरांमध्ये जे मातकट थर आहेत ते विरघळत नाहीत, पण आधार गेला की खचून पोकळीत पडतात. त्या मातीने भरलेल्या जागेत गारा नीट शिरत नाही, आणि पुढे पाणी तीच माती धुऊन नेतं.

सगळं जिप्सम खणून काढायचं म्हटलं तर थर धरणाच्या तळाखाली खूप खोलवर आहेत; वर धरण आणि जलाशय उभा असताना ते शक्य नाही. दुसरा उपाय म्हणजे पायातून खोलवर काँक्रीटची अखंड भिंत घालून पाण्याची वाट कायमची तोडणं. यावर बरीच चर्चा झाली, पण साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या भरलेल्या धरणात एवढ्या खोलीची भिंत घालणं हे स्वतःच जोखमीचं काम आहे. तिसरा मार्ग इराकने १९८८ मध्ये धरला होता: खाली बादुश इथे दुसरं धरण, जे मोसुल फुटलंच तर लोंढा अडवेल. ते काम १९९१ मध्ये अर्धवट थांबलं. मला विचाराल तर जागेची निवड हीच मूळ चूक, आणि एकदा ती झाली की पुढचे सगळे उपाय महागडेच उरतात.

सिमेंटची स्वतःचीही एक अडचण आहे. सिमेंट कारखान्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, दळताना ३ ते ५ टक्के जिप्सम मुद्दाम घालतात. नाहीतर पाणी घातल्याबरोबर सिमेंट आवळून बसेल आणि गवंड्याला थापी फिरवायला वेळच मिळणार नाही. पण हीच गोष्ट काँक्रीट घट्ट झाल्यानंतर बाहेरून आली तर घातक. जिप्सममधून जाणाऱ्या पाण्यात सल्फेट असतं. ते घट्ट काँक्रीटमध्ये शिरून सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी संयोग पावतं, नवे स्फटिक जास्त जागा मागतात आणि काँक्रीट आतून तडकतं. म्हणून अशा जमिनीत सल्फेट-रोधक सिमेंट वापरतात आणि काँक्रीट जास्त घट्ट, कमी पाण्याचं करतात. भारतात आयएस ४५६ या मानकात जमिनीतल्या सल्फेटच्या प्रमाणानुसार पाच वर्ग दिले आहेत. बोअरच्या पाण्याचा सल्फेट अहवाल हातात आल्यावर सल्लागार आधी तेच कोष्टक उघडतो.

उलटा त्रास: विरघळण्याऐवजी फुगणं

आता ॲनहायड्राइटकडे. त्याला पाणी मिळालं की ते जिप्सम होतं, आणि होताना त्याचं आकारमान साधारण ६० टक्क्यांनी वाढतं. जमिनीत दाबून बसलेला खडक एवढा फुगू पाहतो तेव्हा वरच्या गोष्टी उचलल्या जातात.

जर्मनीतलं श्टाउफेन हे छोटं, जुनं, देखणं गाव. २००७ मध्ये तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीला भूगर्भातल्या उष्णतेने गरम ठेवण्यासाठी सुमारे १४० मीटर खोल अशी सात भोकं पाडली. उद्देश पर्यावरणाचा. पण भोकांनी ॲनहायड्राइटचा थर भेदला आणि खालचं दाबातलं भूजल त्या कोरड्या थरापर्यंत पोचलं. गाव महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास वर येऊ लागलं. काही वर्षांत काही जागी अर्ध्या मीटरहून जास्त उचल झाली. अडीचशेहून अधिक घरांना तडे गेले. पुढे भोकं बुजवली, पंपांनी पाणी उपसून पातळी खाली नेली, तेव्हा वेग कमी झाला.

बोगद्यांत हा त्रास जुना आहे. स्वित्झर्लंडमधल्या बेल्खेन महामार्ग बोगद्याचा तळ असाच खालून फुगत राहिला. श्टुटगार्टच्या नव्या रेल्वे स्थानकासाठी खोदलेले काही बोगदेही ॲनहायड्राइटमधून जातात आणि तिथे सगळं कौशल्य खडक कोरडा ठेवण्यात खर्च झालं. खोदताना धूळ दाबायला पाणी मारणं हीसुद्धा तिथे विचार करण्याची गोष्ट असते.

आपल्या धरणांखाली असं काही आहे का?

दख्खनच्या पठारावर, नाही. आपल्याकडची बहुतेक धरणं लाव्हारसापासून बनलेल्या बसाल्टवर आहेत, आटलेल्या समुद्राच्या थरांवर नाहीत. बसाल्ट पाण्यात विरघळून पोकळ्या होण्याची भीती धरणाच्या आयुष्यात नसते. म्हणून आपली धरणं निर्धोक, असा अर्थ काढू नये. बसाल्टच्या दोन थरांमध्ये तांबडा मातकट 'रेड बोल' असतो, तडे असतात, सांध्यांतून गळती होते. ते सगळं पाया तयार करताना हाताळावं लागतं. पण ते दुखणं वेगळं.

भारतातलं खनिज जिप्सम मुख्यतः राजस्थानात आहे: बिकानेर, नागौर, जैसलमेर, बाडमेर, श्रीगंगानगर. त्याचा बराचसा भाग खडकाऐवजी जमिनीलगतचा मातकट थर आहे. आपल्या शेतकऱ्याला जिप्सम ठाऊक असतं ते चोपण जमिनीवरचा उतारा म्हणून. मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम काढून तिथे कॅल्शियम बसवायचं काम ते करतं, आणि ते करू शकतं कारण पाण्यात हळूहळू का होईना विरघळतं. चुनखडीची भुकटी तिथे इतकी कामाला येत नाही. धरणाच्या इंजिनिअरला जो गुण छळतो, त्यासाठी शेतकरी पोत्याचे पैसे मोजतो.

घरातल्या सीलिंगची काळजी वाटत असेल तर: वरच्या मजल्यावरून गळती असेल तर ती थांबवा. सीलिंग विरघळून नाहीसं होणार नाही, तेवढं पाणी यायच्या आत तुम्हाला कळेलच. पण ओलं जिप्सम ताकद गमावतं आणि फुगवटा येऊन खाली येऊ शकतं.

मग जिप्समवर बांधायचंच नाही का?

बांधतात. रिपन गाव शतकानुशतकं तिथेच आहे. तिथे जमीन अचानक खचून खड्डे पडतात, १९९७ मध्ये अशाच एका खड्ड्याने गॅरेजं गिळली. तरी लोक राहतात, कारण धोका कुठे किती आहे याचे नकाशे आहेत. धोक्याच्या पट्ट्यात नवं बांधकाम करायचं तर जाणकार भू-अभियंत्याने सही केलेला जमिनीचा अहवाल द्यावा लागतो. घराखाली प्रत्येक खांबाच्या सुट्या फुटिंगऐवजी सळ्यांनी भरलेली अखंड राफ्ट, म्हणजे पूर्ण घराखाली एकच काँक्रीटची लादी घालतात, म्हणजे एखाद्या कोपऱ्याखाली पोकळी झाली तरी घर तेवढ्यावर तरंगून राहील. छतावरचं पावसाचं पाणी शोषखड्ड्यात सोडणं तिथे शहाणपणाचं नाही, कारण ते ताजं पाणी थेट जिप्समला जाऊन भेटतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत सोसायट्यांना जे करायला सांगतात, ते तिथे टाळायचं असतं.

आणि युअर नदीवर बाह्यवळण रस्त्याचा पूल बांधायची वेळ आली तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी जमीन कधीच खचणार नाही असा दावा करण्याच्या फंदात न पडता, कोणताही एक खांब खालून गेला तरी पुलाचा पृष्ठभाग कोसळू नये अशी त्याची रचना केली.